प्रश्नाला बसायला जागा द्या

लाझरस नाना कुठल्याही खोलीत शिरले की आधी डोकी मोजायचे. लग्नाचा मांडव असो, मयताचं घर असो, नाहीतर जळगावातल्या आमच्या चर्चमागचा हॉल असो. दारात थांबायचे, तर्जनी हवेत हलवायचे आणि पुटपुटायचे, "बसलेले अकरा, उभे दोन." मगच पाऊल आत. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती, त्यातली बरीचशी साक्री–धुळे रस्त्यावर. निवृत्त झाले तरी खाकी शर्ट काही सुटला नव्हता. तीन होते त्यांच्याकडे, तिन्ही इस्त्रीचे, आणि जो अंगात असेल त्याच्या खिशात जपमाळ.

हे गृहस्थ दर दुसऱ्या शनिवारी साक्रीहून येणार आणि आपला कॅथलिक विश्वास दुसऱ्याला कसा समजावून सांगायचा ते आपल्याला शिकवणार, असं फादरांनी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर जाहीर केलं. मी शेजारणीच्या कानाला लागले, "घ्या! आता कंडक्टर शिकवणार धर्म. कप्पाळ!" मी शाळेत शिकवते, बी.एड. आहे, आणि माझं तोंड माझ्या डोक्याच्या दोन पावलं पुढे चालतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पण गेले मी वर्गाला. जावंच लागलं, कारण त्याच आठवड्यात शाळेत माझी चांगली शोभा झाली होती. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आमच्या पाटील सरांनी विचारलं, "ग्रेसबाई, तुमच्यात मूर्तिपूजा नसते म्हणतात ना? मग तुमच्या चर्चमध्ये मरियेच्या मूर्तीला हार कसे असतात?" विचारणं साधं होतं. मला वाटलं, टोचतायत. मी फाडकन म्हटलं, "तुमच्यासारखे तेहतीस कोटी तरी नाहीत ना आमच्याकडे!" सगळ्यांचे डबे बंद झाले. पाटील सर डबा उचलून निघून गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांना बोलले म्हणून नाही हो. उत्तर येत नव्हतं म्हणून. जन्माची कॅथलिक, आणि एवढं साधं सांगता येईना.

वर्गात गेले तर नानांनी खुर्च्या दोन-दोनच्या रांगांत मांडलेल्या, मधून वाट. हुबेहूब एसटी. स्वतः त्या वाटेत उभे, एक हात खिडकीच्या गजाला. धरायला काही नसलं तर त्यांना उभ्याने बोलताच यायचं नाही. म्हणाले, "प्रश्न हा प्रवासी असतो. चढला की आधी त्याला बसायला जागा द्या. कुठून आला, कुठे जायचंय ते विचारा. लगेच घंटी मारू नका."

म्हणजे काय करायचं? तर कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं नाही. त्याचाच प्रश्न त्याला आपल्या शब्दांत परत सांगायचा. तो "हां, हेच म्हणायचं होतं मला" म्हणेपर्यंत सांगायचा. मग उत्तर, तेही त्यांच्या रस्त्यावरच्या कुसुंब्याला सुरू केलं तर पुढचं गाव नेर यायच्या आत संपेल एवढंच. त्याच्या घराला, त्याच्या देवाला नाव ठेवायचं नाही. आणि येत नसेल तर येत नाही म्हणायचं, विचारून यायचं, आणि त्याच माणसाला शोधून सांगायचं. "दहा रुपयांच्या प्रश्नाला पाचशेची नोट काढू नका," हेही एक असायचं.

एवढं झाल्यावर पहिल्याच दिवशी, आमची नावंसुद्धा नीट कळायच्या आत, त्यांनी आपली हार सांगितली. पुढे नवीन कुणी वर्गात आलं की ती पुन्हा सांगायचे. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

त्यांच्या गावच्या चर्चचा सण होता. मिस्सा झाली, मांडवात पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. नानांचा एकुलता एक मुलगा दानिएल जळगावहून आला होता. नोकरीसाठी जळगावात राहायला लागल्यापासून तो एका नव्या प्रार्थना मंडळीत जायचा. तिथे बायबल खूप वाचतात, आणि त्याला ते मनापासून लागलं होतं. पंगतीत त्याने विचारलं, "बा, प्रभूने सांगितलंय, पृथ्वीवर कुणाला बाप म्हणू नका, तुमचा बाप एकच, तो स्वर्गात. मग आपण फादरला फादर का म्हणतो?"

नानांच्या हातात बट्टीचं ताट होतं. ते तसंच धरून ते मोठ्याने म्हणाले, "मंग माले बी बाप म्हनू नको! कंडक्टर म्हन!"

पंगत खो खो हसली. फादर हसले. नानी, म्हणजे नानांची बायको, तीही हसली बिचारी. दानिएल ताटावरून उठला. "बरं," म्हणाला, "नाही म्हणणार." आणि निघून गेला. त्या दिवसापासून त्याने बापाला हाक मारली नाही, घराची पायरी चढली नाही. नानींना फोन करायचा, बस्स.

"आता सांगा," नाना आम्हाला म्हणाले, "उत्तर बरोबर होतं का?"

आम्ही चुळबुळलो. कुणीतरी म्हटलं, "बरोबरच होतं की."

"बरोबर होतं. त्या वचनाने जन्मदात्या बापाला बाप म्हणायचं बंद होत नाही, तसं फादरला म्हणायचंही होत नाही. पण ते वचन कुणावर आहे? उघडून बघा. चारचौघांत मान मिळावा, पुढची जागा मिळावी, लोकांनी वाहवा करावी असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर आहे. आणि मी का बोललो? पंगत हसावी म्हणून. म्हणजे ते माझ्यावरच होतं. पोऱ्या प्रश्न घेऊन चढला होता, मी त्याला चालत्या गाडीतून ढकलला." मग गजावरचा हात बदलला. "पाणी प्या. पुढचा प्रश्न कोणाचा?"

मी तर गारच झाले. आजवर मला शिकवणारे सगळे आपल्या जिंकलेल्या लढाया सांगायचे. हा माणूस पोरगा गमावल्याचं भरवर्गात सांगतो आणि म्हणतो, पुढचा प्रश्न. मी हात वर केला आणि पाटील सरांचं सगळं सांगून टाकलं, माझ्या तेहतीस कोटींसकट.

नाना ओरडले नाहीत. "त्यांचा प्रश्न परत सांग," म्हणाले. मी चारदा सांगितला, चारही वेळा माझ्या बोलण्यात टोमणा होताच. पाचव्यांदा जमला. "सर, तुम्हाला असं विचारायचंय का, की आम्ही त्या मूर्तीला देव मानतो का?" नाना खूश. "आता उत्तर." ते त्यांनीच शिकवलं. घरात आईचा फोटो असतो, त्याला हार घालतो. कागदाला घालतो का? आईला घालतो. मरियेला मान आहे, प्रभूची आई म्हणून. आराधना फक्त देवाची. संपलं, नेर आलं.

सोमवारी मी पाटील सरांची माफी मागितली आणि हे सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच होतं तर त्या दिवशीच सांगायचं ना! आणि बाई, आम्ही तरी कुठे दगडाला हात जोडतो?" मग त्यांनी पंधरा मिनिटं त्यांच्या देवघराबद्दल सांगितलं आणि मी ऐकलं. पुढच्या वर्गाला नानांना हे कळवलं तर त्यांना माझ्या उत्तरापेक्षा त्या पंधरा मिनिटांचाच आनंद जास्त.

ते स्वतः कसे शिकले, ती गंमत आहे. नोकरीला नवे होते. गळ्यात लहानसा क्रूस. साक्रीच्या बाजाराला जाणारी एक भाजीवाली अक्का, पाटी सांभाळत, गर्दीत विचारती झाली, "कंडक्टर भाऊ, तुमना देव एक शे का तीन?" नाना तिकीट फाडत होते. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, असं मनात मोजलं आणि म्हणाले, "तीन." अक्का उतरून गेली. आणि मग नानांना घाम फुटला. अरे, हे काय बोललो आपण! धुळ्याला गाडी लागल्यावर ते खाकी कपड्यांतच चर्चमध्ये पळाले. तिथल्या म्हाताऱ्या फादरांनी कपाळाला हात लावला, मग हसले, मग एक प्रश्नोत्तरांचं जुनं पुस्तक दिलं. ते नानांनी स्टँडवरच्या विश्रांतीगृहात, बाकीच्यांच्या घोरण्यात, एका खेपेला एक प्रश्न असं पाठ केलं.

पण अक्काला चुकीचं सांगितलं त्याचं काय? सलग तीन बाजार तिला शोधली. चौथ्या बाजाराला मिरच्यांच्या ढिगामागे सापडली. नाना म्हणाले, "अक्का, मी चुकनू. देव एकच शे. बाप, पुत्र, आत्मा तिन्ही, पन देव एकच. कसं ते माले बी पुरं समजेल नही, पन तीन देव नहीत, हाई पक्कं." अक्का बघतच राहिली. "कोनता देव, भाऊ? माले काही याद नही." मग म्हणाली, "पन तू सांगाले परत ऊना ना, तेच मोठं शे." आणि वर मूठभर मिरच्या दिल्या.

मी एकदा त्यांना खऱ्याखुऱ्या गाडीत उत्तर देताना पाहिलं. आमच्या वर्गातल्या एका नर्सबाईंचे वडील पहूरला वारले, म्हणून आम्ही चौघं एसटीने निघालो होतो. नानांच्या शेजारी टोपीवाले एक शेतकरी आबा बसले. नानांच्या बोटांत माळ बघून त्यांनी विचारलं, "तुळशीची का?"

"नाही आबा. आमची आहे. मरियेची जपमाळ."

"म्हणजे ख्रिश्चन? ते दुष्काळात गव्हावर बाटले ते?"

मी मागच्या सीटवर होते. माझ्या मुठी आवळल्या. अशा वेळी माझ्या जिभेवर काय काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना मात्र आबांकडे वळून बसले. "आबा, तुम्हाला विचारायचंय की आमच्या लोकांनी पोटासाठी देव बदलला का. असंच ना?"

"हां. तसंच."

"मना बाप गहूसाठेच ऊना व्हता," नाना म्हणाले. मला वाटलं, संपलं, हे तर कबूलच करतायत! "चार कोस चालत आला मिशनच्या दारात. गहू मिळाला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, गहू सरला. बाप मात्र राहिला. दर रविवारी चार कोस जायचा, मरेपर्यंत. मी विचारलं, बा, आता कशाला जातो? तर म्हणे, 'त्यासनी माले मानूस म्हनीसन जोडे बसाडं.' माणूस म्हणून शेजारी बसवलं, आबा. तेवढ्यासाठी राहिला."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "आमचा बाप त्याच दुष्काळात खडी फोडायला गेला होता. पोट लय वाईट." थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच विचारलं, "मणी किती असतात हो तुमच्या माळेत?" पहूर येईपर्यंत दोघं मणी मोजत बसले, पन्नास न् वरचे थोडे विरुद्ध एकशे आठ. उतरताना आबांनी नानांना हात दिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी या माणसाची विद्यार्थिनी आहे हे कुणीतरी मला विचारावं आणि मी मान वर करून सांगावं.

नाना सकाळच्या गाडीने जळगावात उतरायचे आणि वर्ग चार वाजता. मधले तास कुठे असतात, कुणाला ठाऊक नव्हतं. मी राहते मेहरूणला, तलावाजवळ. एका शनिवारी भाजी घेऊन येत होते, तर तलावाच्या बांधावर खाकी शर्ट.

"नाना, इथे काय करताय?"

"हवा खातोय."

जळगावातली एप्रिलची दुपार! त्या वेळी बांधावर कुत्रंसुद्धा बसत नाही. मी तशीच उभी राहिले, तेव्हा त्यांनी हनुवटीने समोरची पिवळी इमारत दाखवली. "दुसरा मजला. पोऱ्या दुपारी जेवायला येतो. हात धुऊन गॅलरीत टॉवेल वाळत घालतो. दिसला की झालं."

मला भडभडून आलं. आणि मला भडभडून आलं की मी शहाणपणा करत नाही, हे आधीच सांगितलंय. बुधवारी मी गेले त्या दुसऱ्या मजल्यावर. वहीत वचनं उतरवून, जय्यत तयारीने. दानिएलने दार उघडलं, पाणी दिलं, बसवलं. तिशीतला शांत मुलगा, डोळे थेट नानांचे. मी पहिलं वचन काढलं, त्याने तीन काढली. मी दुसरं काढलं, त्याने पुस्तकच माझ्याकडे सरकवलं. दहा मिनिटांत माझी वही संपली. मग मी म्हटलं, "अरे, म्हातारा बाप उन्हात बांधावर बसतो, लाज नाही वाटत?"

त्याने बायबल मिटलं. "ताई, मला तेव्हा खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं होतं. मी रात्र रात्र त्याच्यावर विचार केला होता. आणि तुम्ही त्या पंगतीत असता ना, तर तुम्हीही हसला असता."

खरं होतं. मीच सगळ्यांत मोठ्याने हसले असते. जिना उतरले.

नानांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावर एकदाच रागावले, आणि तेवढं पुरलं. "तुला कोणी चढवलं या गाडीत?" मी रडवेली झाले. मग त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. शेवटी म्हणाले, "अजून दुखतंय त्याला. म्हणजे खरंच विचारत होता तो." आणि मग जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "चूक केली चारचौघांत, आणि माफी मागतोय बांधावर बसून, मनातल्या मनात. ग्रेसबाई, अशी कुठे माफी असते? कबुली दिली, फादरांनी क्षमा सांगितली, देवाने सोडलं. पण पोऱ्याने कुठे ऐकलं? पंगतीतलं पंगतीतच धुवावं लागतं."

आता पंगत कुठून आणायची? नाना म्हणाले, "त्याची पंगत आहे ना. रविवारी संध्याकाळी भरते."

रविवारी मी त्यांना माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. दुकानांच्या वरचा एक हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गिटार, ढोलक. नानांनी दारात डोकी मोजली. मोजताना दानिएल कुठे आहे ते त्यांना दिसलं आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. गाणी झाली, वचन झालं. त्यांचे पुढारी एक तरुण, सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "पाहुणे आलेत, दोन शब्द बोलतील का?" मी तर पदराआड गेले. कॅथलिक कॅटेकिस्ट, म्हणजे धर्म शिकवणारा माणूस, या मंडळीत काय बोलणार? आणि एवढं पाठांतर असलेला माणूस! मनात आणलं असतं तर तासभर कुणाला तोंड उघडू दिलं नसतं.

नाना उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "मी लाझरस. साक्रीकडचा. कॅथलिक आहे, आणि राहीन. वाद घालायला आलो नाही. तुमच्यातल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला होता. प्रश्न खरा होता. मी भरपंगतीत त्याची थट्टा केली. लोक हसले, मला बरं वाटलं. ते पाप होतं. ज्याची थट्टा केली तो इथे बसलाय. त्याची माफी मागतो, तुमच्या सगळ्यांसमोर." आणि खाली बसले.

कुणीतरी हळूच "आमेन" म्हणालं. पुढारी चालत आले आणि त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला. दानिएलची मान खाली होती, ती वर झाली नाही. आम्ही निघालो. सत्तरीला टेकलेला तो माणूस माझ्या मागे स्कूटीवर बसला होता आणि मला वाटत होतं, रस्त्यातल्या सगळ्यांनी बाजूला होऊन वाट द्यावी. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "ग्रेसबाई, गाणी मात्र चांगली म्हणतात हो ती मंडळी."

पुढचे दोन वर्ग कोरडेच गेले. तिसऱ्या वर्गाला नाना गजाला धरून बोलत होते आणि दारात दानिएल उभा राहिला. काखेत बायबल.

"प्रश्न विचारायचे आहेत," तो म्हणाला. "वाद घालायला आलो नाही, असं म्हणणार नाही. वाद घालायलाच आलोय."

"बस," नाना म्हणाले आणि पहिल्या रांगेतली खुर्ची सरकवून दिली.

आता एक आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलत्याच शेवटाची वाट बघत बसाल. दानिएल आमच्या चर्चमध्ये परत आला नाही. तो अजूनही त्याच्या मंडळीत जातो. पण पुढचं वर्षभर तो दर दुसऱ्या शनिवारी आमच्या वर्गात यायचा आणि आम्हाला घाम फोडायचा. मेलेल्यांसाठी प्रार्थना का? कबुली फादरपुढे का, थेट देवापुढे का नाही? पोपचं का ऐकायचं? नाना स्वतः एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचे नाहीत, आम्हाला द्यायला लावायचे. आमच्यातला कुणी चुरचुरीत बोलून हशा मिळवायला गेला की गजावर टक् टक् वाजवायचे. "उतरा. पुन्हा चढा." दानिएलचा प्रश्न आम्हाला परत सांगता आला नाही तर दानिएलच सांगायचा, "नाही ताई, हे नाही म्हणायचं मला." त्या वर्षात मी जेवढं बायबल वाचलं तेवढं जन्मात वाचलं नव्हतं. त्याच्यामुळे वाचलं, हे मान्य केलंच पाहिजे.

फक्त दोन गोष्टी व्हायच्या नाहीत. पंगतीतला प्रश्न त्याने कधी काढला नाही. आणि नानांना तो हाक मारायचा नाही. "तुम्ही सांगा," "तुम्हाला चहा आणू का," एवढंच. "बा" नाही. वर्गातल्या सगळ्यांचे कान त्या एका अक्षराकडे लागलेले असायचे. एकदा मी न राहवून नानांना म्हटलं, "तुम्हीच सांगा की त्याला." नाना म्हणाले, "मी माफी मागितली. माफीवर काही मागायचं नसतं." बाई गं!

नाना आता नाहीत. गेल्या दिवाळीआधी साक्रीलाच वारले. मयताला मला पोचता आलं नाही, शाळेची परीक्षा सुरू होती, आणि त्याची चुटपुट आहे. पण मला त्यांचं जे शेवटचं दर्शन हवं होतं ते त्याआधीच, ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी, जळगावच्या स्टँडवर झालं होतं.

त्यांना दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. त्या शनिवारी शेवटचा वर्ग घेतला, भाषणबिषण काही करू दिलं नाही, डोकी मोजली आणि निघाले. दानिएलने त्यांना स्कूटरवर स्टँडला आणलं, मी मागून त्यांची पिशवी घेऊन. धुळ्याची गाडी लागली होती, गर्दी मरणाची. दानिएलने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. नाना आत चढले, त्या सीटपाशी उभे राहिले आणि खाली मुलाकडे बघून म्हणाले, "रुमालाने जागा धरता येत नाही. एकतीस वर्षं भांडलोय मी यावरून." आणि त्या रुमालावरच बसले.

दानिएल खिडकीखाली उभा होता. निघायची वेळ झाली तरी तो हलेना. मग म्हणाला, "एक प्रश्न राहिलाय."

"कोनता?"

"पंगतीतला."

मी नानांकडे पाहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर तर आम्हा अकराजणांकडून त्यांनी घोटून घेतलं होतं. झोपेतून उठवलं असतं तरी मी सांगितलं असतं. आता दोन वाक्यांत सांगतील, पोरगा हो म्हणेल, गाडी निघेल.

नानांनी खिडकीचा गज धरला. "सांग," म्हणाले. "पयलेपासून सांग. त्या दिवशी तुना प्रश्न मी पुरा होऊच दिला नही. मी आयकस."

"आत्ता?"

"आत्ता."

घंटी वाजली. गाडी मागे सरकली, वळली. दानिएल दोन पावलं खिडकीबरोबर चालला, काहीतरी बोलू लागला, इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू येईना. मग त्याने माझ्या हातात किल्ली कोंबली, "ताई, स्कूटर तुमच्याकडे ठेवा," आणि धावला. कंडक्टर ओरडला, "ओ भाऊ, मरायचंय का?" गाडी क्षणभर थांबली, दार उघडलं, दानिएल आत. मी खिडकीपाशी पळाले. नानांच्या शेजारी कुणाचीतरी पिशवी होती, ती त्याने उचलून घेतली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं.

"बा, सरका तिकडे."

नाना सरकले. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मला दिसत होतं, दानिएल हात हलवून हलवून बोलत होता आणि नानांचं पांढरं डोकं त्याच्याकडे झुकलेलं होतं. धुळ्यापर्यंत अडीच तास. मला खात्री आहे, त्यात नाना अर्धा तासही बोलले नसतील.

मी त्या परक्या स्कूटरपाशी उतरत्या उन्हात उभी राहून रडत होते, आणि हसतही होते. माझ्या बापाचा जेवढा अभिमान वाटला असता तेवढा मला त्या कंडक्टरचा वाटत होता. स्टँडवरच्या चहावाल्याने विचारलं, "ताई, कुणाला सोडायला आला होता?"

"आमच्या नानांना," मी म्हटलं. "मुलगा आहे त्यांच्यासोबत."